लायब्ररी मेमरीत नेमकी कुठे आहे?

मित्रहो, प्रोग्राम कोसळतो तेव्हा पडद्यावर मेमरीतल्या पत्त्यांची एक रांग येते. त्या पत्त्यांवरून फंक्शनची नावे काढून देणारी साधने आपण सगळेच वापरतो. आज मी या साधनांच्या एकाच कामाबद्दल बोलणार आहे. कोणती लायब्ररी, म्हणजे प्रोग्राम वापरतो ती तयार कोडची फाइल, मेमरीत कुठे बसली आहे हे ही साधने ठरवतात कशी, आणि तिथे गफलत झाली तर ती दुरुस्त कशी करायची? हे उत्तर चुकले की त्यावर उभे असलेले प्रत्येक नाव चुकते, आणि माणूस तासन्‌तास निर्दोष फंक्शन तपासत बसतो.

लिनक्समध्ये कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, प्रत्येक प्रोसेससाठी, म्हणजे चालू प्रोग्रामसाठी, मॅप्स नावाची फाइल दाखवतो. मेमरीचा कोणता तुकडा कुठून कुठपर्यंत आहे, त्याला कोणत्या परवानग्या आहेत, तो कोणत्या फाइलमधून आणि तिच्या कितव्या बाइटपासून आला आहे, हे सगळे तिच्यात असते. ही फाइल खोटे बोलत नाही. चूक होते ती तिचा अर्थ लावताना.

पूर्वी इंटेल-एएमडीच्या यंत्रांवर लायब्ररीचा पहिलाच तुकडा कोड चालवण्याच्या परवानगीचा असे. फाइलचे शीर्षक आणि कोड दोन्ही त्यातच. म्हणून अनेक साधनांनी सोपा नियम धरला: त्या लायब्ररीच्या नावाची, चालवण्याची परवानगी असलेली पहिली ओळ शोधायची आणि तिची सुरुवात हाच बेस, म्हणजे लायब्ररी मेमरीत जिथून सुरू होते तो पत्ता, मानायचा. २०१८ मध्ये बिनयुटिल्स या ग्नूच्या प्रोग्राम बांधण्याच्या साधनसंचाच्या २.३१ आवृत्तीने या यंत्रांसाठी कोड वेगळ्या तुकड्यात ठेवणे हा आपोआप लागू होणारा पर्याय केला. सुरक्षेसाठी ते योग्यच होते, कारण शीर्षक आणि स्थिर डेटा यापुढे चालवता येण्याजोग्या मेमरीत राहिला नाही. पण आता पहिला तुकडा फक्त वाचण्याचा आणि कोड दुसऱ्या तुकड्यात. जुना नियम सोसायटीच्या फाटकापासून मोजायचे अंतर जिन्यापासून मोजू लागला. समजा कोडचा तुकडा फाइलमध्ये १६० केबीनंतर सुरू होतो. मग साधन सांगते तो बेसही तेवढाच पुढे सरकतो.

यावर पहिली दुरुस्ती सहज सुचते: तुकड्याच्या सुरुवातीतून फाइलमधला ऑफसेट, म्हणजे फाइलच्या सुरुवातीपासूनचे त्याचे अंतर, वजा करा. ग्नूच्या लिंकरने, म्हणजे कोडचे भाग जोडून फाइल बनवणाऱ्या साधनाने, बनवलेल्या लायब्रऱ्यांवर हे बहुधा बरोबर येते, चाचण्या हिरव्या होतात आणि काम संपल्यासारखे वाटते. मला सगळ्यात जास्त काळजी इथेच वाटते. एलएलव्हीएमचा लिंकर, म्हणजे एलएलडी, फाइलमध्ये जागा वाया घालवत नाही. तो फाइलमधले तुकडे एकमेकांना चिकटून ठेवतो, पण मेमरीतला पत्ता मात्र पुढच्या पानावर ढकलतो (पान म्हणजे मेमरीचा ठरावीक आकाराचा गट). त्यामुळे कोडचा मेमरीतला पत्ता आणि फाइलमधला ऑफसेट यांत एका पानाचा, म्हणजे ४०९६ बाइटचा, फरक पडतो. वजाबाकी करून मिळालेला बेस नेमका तेवढाच चुकतो. १६० केबीची चूक निदान संशय तरी निर्माण करते. ४०९६ बाइटची चूक त्याच फाइलमधल्या शेजारच्या एखाद्या फंक्शनचे नाव देते, आणि ते नाव पूर्ण पटण्यासारखे असते. वाचणाऱ्याला शंका यायला काही कारणच उरत नाही.

खरी दुरुस्ती करायची तर लोडर, म्हणजे लायब्ररी मेमरीत बसवणारा प्रोग्राम, जो तक्ता वाचतो तोच साधनाने वाचला पाहिजे. ईएलएफ फाइलच्या (लिनक्सवर प्रोग्राम आणि लायब्रऱ्या याच स्वरूपात असतात) सुरुवातीला प्रोग्राम हेडर असतात, तोच हा तक्ता. प्रत्येक लोड होणाऱ्या सेगमेंटचा, म्हणजे तुकड्याचा, ऑफसेट आणि अपेक्षित पत्ता तिथे दिलेला असतो. मॅप्समधल्या ओळीशी जुळणारा सेगमेंट शोधायचा, त्याचा अपेक्षित पत्ता पानाच्या सीमेपर्यंत खाली आणायचा आणि ओळीच्या सुरुवातीतून वजा करायचा. जुळवताना ऑफसेटबरोबर परवानग्याही पाहाव्या लागतात, कारण लहान लायब्ररीत एलएलडीचे दोन तुकडे एकाच पानातून येऊ शकतात आणि मग दोन्ही ओळींवर ऑफसेट शून्यच दिसतो. साधन प्रोसेसच्या आतच चालत असेल तर डीएल इटरेट पीएचडीआर हे फंक्शन लोडरचीच नोंद हातात देते. फक्त तिथे मिळणारी संख्या म्हणजे पत्ता नव्हे, अपेक्षित पत्त्यापासून लायब्ररी किती सरकली तो फरक आहे. ठरावीक पत्त्यावरच बसणाऱ्या जुन्या धाटणीच्या प्रोग्रामसाठी तो शून्य असतो, आणि शून्य म्हणजे ‘लोड झालेले नाही’ असे समजणारी साधने मुख्य प्रोग्रामच यादीतून गाळतात.

आता फाइलचा प्रश्न. बेस बरोबर असला तरी नावे कोणत्या फाइलमधून वाचायची? अपडेट झाल्यावर डिस्कवर नवी लायब्ररी येते, चालू प्रोसेसकडे जुनीच असते, आणि मॅप्समध्ये नावापुढे ‘डिलिटेड’ असा शेरा दिसतो. कंटेनरमधल्या, म्हणजे स्वतःच्या वेगळ्या फाइली असलेल्या कप्प्यातल्या, प्रोसेसच्या बाबतीत फाइलचा मार्ग कंटेनरच्या आतला असतो. बाहेरून तोच मार्ग उघडला तर यजमान यंत्राची वेगळी लायब्ररी हाती लागते. अशा वेळी त्या प्रोसेसच्या प्रॉक फोल्डरमधल्या (मॅप्स फाइलही तिथेच असते) रूटमधून फाइल उघडावी, आणि मेमरीतला बिल्ड आयडी, म्हणजे बांधताना लायब्ररीला मिळालेली ओळखखूण, फाइलमधल्या बिल्ड आयडीशी ताडून पाहावा. जुळत नसेल तर साधनाने नाव छापू नये, नुसता पत्ता आणि ऑफसेट छापावा. अँड्रॉइडवर सहाव्या आवृत्तीपासून लायब्ररी थेट एपीके, म्हणजे अ‍ॅपच्या पॅकेज, फाइलच्या पोटातून लोड होऊ शकते. मग मॅप्समध्ये लायब्ररीचे नावच नसते, एपीकेचे असते, आणि ऑफसेटवरून आतली नोंद शोधावी लागते. मॅकवर २०२० च्या बिग सर आवृत्तीपासून बहुतेक सिस्टिम लायब्रऱ्या डिस्कवर सुट्या फाइलच्या रूपात नसतात, एका सामायिक कॅशमध्ये असतात. फाइल दिसली नाही म्हणून ‘लायब्ररी गायब’ असे सांगणारे साधन तिथे वापरणाऱ्याची दिशाभूल करते.

चाचणीबद्दल माझा एक आग्रह आहे. एक छोटी लायब्ररी घ्या, ती दोन्ही लिंकरांनी बांधा, तिच्यातल्या एका फंक्शनचा पत्ता प्रोग्रामकडूनच छापून घ्या आणि साधनाला त्याचे नाव विचारा. कोड वेगळ्या तुकड्यात ठेवण्याचा पर्याय एकदा चालू आणि एकदा बंद ठेवून हेच पुन्हा करा. साधनाने काढलेला बेस साधनाच्याच दुसऱ्या हिशेबाशी ताडून काही सिद्ध होत नाही, कारण दोन्हीकडे तेच गृहीतक दडलेले असते.