कंदील खाली सोडताना

[पहाट. हरिपूर. संगमेश्वराचा घाट, पलीकडून येणारी वारणा.]

लेखक वेगळा आणि दिग्दर्शक वेगळा, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. दोष सांगलीचा. इथल्या पोराला लहानपणापासून एकच गोष्ट सांगतात: १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी राजेसाहेबांपुढं 'सीतास्वयंवर' केलं. केलं म्हणजे सगळंच केलं. पदं रचली, माणसं गोळा केली, तालमी घेतल्या. पुढं याच हरिपूरचे देवल. 'संगीत शारदा'चे नाटककार म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण नाटक मंडळीत ते तालीममास्तर होते. किर्लोस्कर मंडळीत बालगंधर्वांना घडवलं ते त्यांनीच. स्वतः लिहायचं आणि स्वतःच उभं करून दाखवायचं, ही इथली रीत.

मुंबईत गेलो आणि पहिल्याच आठवड्यात समजलं, तिथं कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. मी तिसरा.

[लोकलची खिडकी. मग एक छोटी खोली, भिंतीवर चिकटवलेले कागद.]

दैनंदिन मालिका म्हणजे आठवड्याला सहा भाग. अर्ध्या तासातल्या जाहिराती वजा केल्या तर बावीसेक मिनिटं उरतात. चॅनेलकडून वनलाइन, म्हणजे भागाची थोडक्यातली गोष्ट, पास होऊन आली की पटकथा, ती आली की रात्रीतून संवाद. सकाळी सेटवर कलाकार मेकअप करत असताना मी मोबाइलवर शेवटचा सीन टाइप करतोय, असं कितीदा झालं ते मोजलेलं नाही. गुरुवारी टीआरपीचे आकडे येत. आकडा पडला की शुक्रवारी सासू बदले. कधी गोड व्हायची, कधी थेट कोमात जायची.

मालिकेला नावं ठेवणं सोपं आहे. मी ठेवणार नाही, तिनं माझं घरभाडं भरलं. आणि एक गोष्ट पक्की शिकवली: प्रेक्षक मालिका बघत नाही, ऐकतो. माझी आईच बघा. संध्याकाळी टीव्ही बाहेरच्या खोलीत आणि ती आत, चुलीकडं तोंड करून भाकरी थापतेय. तिला सगळं कळलं पाहिजे. म्हणून पात्र दार उघडून आत आलं की म्हणतं, "दार उघडंच होतं, म्हणून आत आले." रडत असेल तर समोरचा विचारतो, "तू रडतेयस?" अशी वाक्यं मी हजारांनी लिहिली. आईसाठी लिहिली असं म्हणायला हरकत नाही.

एका मालिकेचे चारेक महिन्यांचे संवाद मी लिहिले आणि श्रेयनामावलीत नाव दुसऱ्याचं आलं. भांडलो नाही. पुढच्या मालिकेचा चेक अडकला असता.

[आटपाडीचा माळ. दुपार. धूळ.]

त्याच दिवसांत एकदा गावी आलो असताना आटपाडीकडं गेलो होतो. शेटफळे तिथलंच, ग. दि. माडगूळकरांचं जन्मगाव. आणि जवळच स्वतंत्रपूर. औंध संस्थानच्या काळात इथं खुला तुरुंग उभा राहिला: कैद्यांनी बायकापोरांसह राहायचं, शेती करायची, भिंतीच्या जागी विश्वास. या प्रयोगावरून माडगूळकरांनी लिहिलं आणि १९५७ साली व्ही. शांतारामांनी पडद्यावर आणलं ते 'दो आँखें बारह हाथ'. मी त्या माळावर उभा राहून एवढंच बघत होतो, की पळून जायला कुठल्याही बाजूला काहीच आड येत नाही. हे संवादात कसं सांगणार? कॅमेरा नुसता गोल फिरवला तरी झालं. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, नुसतं लिहिणं आता पुरे झालं, सिनेमा आपणच करायचा.

वाटलं आणि झालं, यात सात वर्षं गेली. ती सांगण्यासारखी नाहीत.

[हरिपूर. शेताच्या कडेला जमिनीत एक गोल तोंड, त्यावर फरशी.]

हे पेव. सांगलीची हळद अशा पेवांत राहायची. तोंड अरुंद, पोट मोठं, खोली वीस-पंचवीस फूट. वरून तोंड बंद केलं की हळद वर्षानुवर्षं टिकायची, कीड नाही. २००५च्या महापुरात पाणी आत शिरलं आणि कितीतरी पेवं हळदीसकट गेली. आता गोदामं आहेत, कोल्ड स्टोरेज आहे. माझे वडील मार्केट यार्डात अडत दुकानी दिवाणजी होते. बोलणं-चालणं बंद पडलेले बाप-लेक आणि शेवटचं पेव, ही माझ्या सिनेमाची गोष्ट.

पेवाच्या तोंडाशी बाप लेकाला थांबवतो, तो सीन मी दीड पान लिहिला होता. बाप सगळं बोलतो. आयुष्यभराचं. मालिकेतला माझा हात त्यात उतरला होता, आणि खरं सांगतो, मला तो फार आवडला होता.

शूटिंगला एक म्हातारे हमाल मदतीला आणले होते. उभी हयात पेवात गेलेली. बंद पेवातली हवा मारक असते. तोंड उघडून बराच वेळ वाट बघायची, मग पेटता कंदील दोरीनं खाली सोडायचा. विझला तर कुणी उतरायचं नाही. हे आम्हाला दाखवताना त्यांनी दोरी हळूहळू सोडली आणि आमची तीस माणसांची पलटण आपोआप गप्प झाली. बापाचं काम करणाऱ्या नटानं विचारलं, "इथं मी वाक्य कधी घेऊ?"

म्हातारे दोरीवरची नजर न काढता म्हणाले, "कंदील सोडल्यावर आमच्यात कोण बोलत नसतं. दोरीकडं ध्यान पायजे."

दीड पान तिथंच खोडलं. बाप दोरी सोडतो, लेक अनवाणी कडेला उभा. उजेड बापाच्या हनुवटीवर हलतो, बारीक होतो, जातो. बाप लेकाच्या छातीवर आडवा हात धरतो. बस्स. (आत कुणालाही उतरवलं नाही, काळजी नसावी. पेवाचं पोट आम्ही नंतर एका गोदामात उभं केलं.)

[घर. रात्र. टेबलावर लॅपटॉप.]

सिनेमाची पहिली जुळणी घेऊन घरी आलो. आई आत, भाकरी थापत. पेवाचा सीन सुरू झाला.

"आवाज गेला काय रं त्याचा?"

"आवाज आहे आई. कुणी बोलत नाही."

थापटणं थांबलं. पिठाचे हात तसेच घेऊन ती दारात आली, चष्मा मनगटानं वर सारला आणि कंदील विझेपर्यंत उभी राहिली.

आत तव्यावरची भाकरी करपली.