बॉंडिंग पिवळं पडलं म्हणून घासत सुटू नका

मंडळी, आज बोलायचंय ते दातांच्या बॉंडिंगबद्दल, म्हणजे पुढच्या दातांमधली फट बुजवलेली असते किंवा टवका उडालेला कोपरा भरलेला असतो ना, ते. ड्रिलिंग फारसं नाही, बहुतेक वेळा एका बैठकीत काम होतं, म्हणून लग्नाच्या आधी बरेच जण करून घेतात, आणि मग काही महिन्यांनी फोन येतो, डॉक्टर, पिवळं दिसतंय हो. मी विचारते की मधे काय काय केलंत, तर जोर लावून घासलं, चारकोलची पेस्ट आणली, कोणी सोडा आणि मीठ, कोणाला आजीने राखुंडी दिलेली. इथेच सगळं बिघडतं.

१९५५ मध्ये अमेरिकेत मायकेल ब्युओनोकोरे यांनी दाखवलं की इनॅमलवर, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कडक थरावर, फॉस्फोरिक ॲसिड लावलं की ते खरखरीत होतं आणि रेझिन (प्लास्टिकसारखा पदार्थ) त्याला घट्ट धरून बसतं. आपलं बॉंडिंग आजही त्याच तत्त्वावर चालतं. वर जे कंपोझिट लावतो ते म्हणजे रेझिन आणि त्यात काचेसारखी अगदी बारीक पूड, निळ्या लाइटने कडक केलेली. शेवटी आम्ही पॉलिश करतो, आणि खरं सांगू का, तुम्हाला घरी सांभाळायचंय ते हे पॉलिश. खरखरीत पेस्टने पुडीच्या कणांमधलं मऊ रेझिन आधी झिजतं, कण उघडे पडतात, काही निघूनही जातात, मग त्या खडबडीत जागेत चहा, हळद सगळं जाऊन बसतं. म्हणजे डाग पडला म्हणून घासलं, घासलं म्हणून अजून डाग. सुती कपड्यावर पडलेला रश्श्याचा डाग आठवा, चोळाल तसा तो आत जातो.

सॉफ्ट ब्रश, साधी फ्लोराइडची पेस्ट, हलका हात, बस. मशेरी तर नकोच, ती दातांपेक्षा तोंडालाच जास्त वाईट. आणि व्हाइटनिंग जेलने कंपोझिट पांढरं होत नाही, आजूबाजूचे दात उजळतात आणि बॉंडिंग उलट वेगळं उठून दिसतं. दात उजळायचेच असतील तर ते आधी करा, मग एक-दोन आठवडे थांबून बॉंडिंग.

पहिले दोन दिवस हळदीचं, चहा-कॉफी, बीट, कोकम टाळा. मी चहा सोडा म्हणत नाही, म्हटलं तरी कोण ऐकणारे! पण दिवसभर टेबलावर कप ठेवून घोट घोट घेण्यापेक्षा एकदा नीट प्या आणि वर पाण्याने चूळ भरा. माउथवॉशच्या बाटलीवर अल्कोहोल लिहिलंय का बघा, त्याने रेझिन मऊ पडू शकतं, आणि क्लोरहेक्सिडिनवालं डॉक्टरांनी सांगितलं तेवढेच दिवस वापरा, त्याचे तपकिरी डाग पडतात. सिगारेटबद्दल वेगळं सांगायला नकोच.

फट बुजवलेली असेल तर फ्लॉस (दातांच्या मधून फिरवायचा दोरा) रोज करा, फक्त वर खेचताना झटका देऊ नका, बाजूने सरकवत काढा, कारण हिरडीजवळ घाण साचली की हिरडी सुजते, रक्त येतं आणि लोक घाबरून तिथला ब्रशच बंद करतात.

तुटण्याचं म्हणाल तर नखं खाणं, पेनचं टोपण चावणं, दाताने पाकीट फाडणं, सुपारी फोडणं. ऊस दाताने सोलणारे अजून भेटतात मला, त्यांना मी हात जोडते. पेरू, चिक्की पुढच्या दाताने तोडू नका, तुकडे करून दाढेने खा. झोपेत दात खात असाल तर नाइटगार्ड (झोपताना दातांवर घालायचं कव्हर) बनवून घ्या, नाहीतर कितीही छान काम केलं तरी कडा उडणार.

आरशात बघताना बॉंडिंग आणि दाताच्या सांध्यावर बारीक ब्राऊन रेघ दिसली, किंवा जिभेला कड खरखरीत लागली, तर लगेच दाखवा, बऱ्याचदा नुसत्या पॉलिशने काम होतं. तुकडा पडलाच तर फेविक्विक लावू नका (हसू नका, लावतात लोक), कड टोचत असेल तर मेडिकलमध्ये ऑर्थो वॅक्स (दातांच्या तारांवर लावायचं मेण) मिळतं ते चिकटवा आणि दोन-चार दिवसांत या, दुरुस्ती बहुतेक वेळा तेवढ्याच भागाची होते, सगळं काढावं लागत नाही.