पहिल्या गोळीच्या आधी लघवीचं कल्चर

नमस्कार मंडळी. उन्हाळी लागली, लघवीला जळजळतंय, सारखं जावं लागतंय म्हणून दवाखान्यात येणाऱ्या कितीतरी बायका मेडिकलमधून सिप्रो नाहीतर नॉरफ्लॉक्सच्या दोन-तीन गोळ्या घेऊनच आलेल्या असतात, कारण मागच्या वेळी त्यानेच बरं वाटलं होतं. हे इन्फेक्शन बहुतेक वेळा ई. कोलाय या आपल्याच आतड्यातल्या जंतूमुळे होतं, आणि आपल्याकडचे यातले बरेचसे जंतू आता या गोळ्यांना दादच देत नाहीत.

म्हणून कळकळीने सांगते, अँटिबायोटिकची पहिली गोळी घ्यायच्या आधी कल्चरला, म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून त्यांच्यावर कुठलं औषध चालतं ते बघायच्या तपासणीला, लघवी द्या, विशेषतः त्रास पुन्हा पुन्हा होत असेल तर. सुरुवातीची धार सोडायची, मधली लघवी लॅबच्या निर्जंतुक डबीत घ्यायची आणि दोन तासांत पोचवायची, नाही जमलं तर डबी फ्रीजमध्ये ठेवायची. आधी गोळी घेतली की जंतू कधीकधी वाढतच नाहीत आणि मग कुठलं औषध चालेल ते कळत नाही.

रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात, तोवर सोसत बसायचं नाहीये. ताप नसेल, त्रास फक्त मूत्राशयापुरता असेल तर डॉक्टर बहुतेकदा नायट्रोफ्युरँटॉइन पाच दिवस देतात, किंवा फॉस्फोमायसिनची ३ ग्रॅमची पुडी, एकदाच. दोन्ही जुनी औषधं, पण रिपोर्टवर खालपर्यंत आर आर आर म्हणजे रेझिस्टंट लिहिलेलं असतं ना, तिथेही या दोघांसमोर अनेकदा एस असतो, एस म्हणजे सेन्सिटिव्ह, औषध लागू पडतं, त्यामुळे तोंडाने घ्यायच्या औषधावर भागतं, इंजेक्शनं लागत नाहीत.

नायट्रोफ्युरँटॉइन लघवीत साठतं, किडनीच्या आत पुरेसं पोचत नाही. त्यामुळे थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं, उलट्या असं काही असेल तर त्यावर थांबू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. किडनी कमजोर असेल किंवा दिवस भरत आले असतील तर तेही डॉक्टरांना आधीच सांगा.

अजून एक, आजी-आजोबांच्या रिपोर्टमध्ये नुसते जंतू आले आणि त्रास काहीच नाही, तर सहसा औषध लागत नाही, घरच्यांनी आग्रह धरू नये, उगाच जंतू आणखी चिवट होतात. गरोदर बाईचं मात्र वेगळं, तिला त्रास नसला तरी उपचार करावाच लागतो.

आणि जुने कल्चर रिपोर्ट फेकू नका, पुढच्या वेळी येताना घेऊन या, नवा रिपोर्ट यायच्या आधी कुठलं औषध सुरू करायचं ते आम्हाला त्यावरूनच ठरवता येतं.