हॅरल्ड ह्यूअन यांची भांडी पालथी करून बघा

नमस्कार मंडळी! आज एका कुंभाराबद्दल बोलायचंय, मेलबर्नचे हॅरल्ड ह्यूअन. मेलबर्नमध्ये वर्षानुवर्षं राहणाऱ्या आपल्या लोकांनीही हे नाव ऐकलेलं नसतं, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण त्यांची भांडी अजून याच शहरातल्या जुन्या घरांतून निघतात, सेकंडहँड दुकानात जाऊन पडतात आणि तिथे कोणी उचलून पालथं करूनसुद्धा बघत नाही.

जन्म १८९३ चा, मिल्ड्युराचा. पेशाने इंजिनियर. मातीत हात घातला तो चाळिशी उलटल्यावर, आणि गंमत म्हणजे त्यांना जे करायचं होतं ते शिकवणारं तेव्हा आसपास जवळजवळ कोणीच नव्हतं. करायचं होतं स्टोनवेअर. आता स्टोनवेअर म्हणजे काय, तर आपल्या लोणच्याच्या बरण्या आठवा, वर तपकिरी खाली पांढरट, जड, मीठ नि खार वर्षभर आत राहिला तरी पाझरत नाही. त्याच जातीची माती. साधारण १२५० ते १३०० डिग्रीला भाजली की घट्ट होते, पाणी पीत नाही. त्या काळात ऑस्ट्रेलियातले बहुतेक स्टुडिओ पॉटर, म्हणजे स्वतःच्या छोट्या कार्यशाळेत हाताने भांडी घडवणारे कुंभार, कमी तापमानावरची रंगीत भांडी करायचे, आणि ह्यूअन यांचं मन मात्र जुन्या चिनी भांड्यांवर जडलेलं. नॅशनल गॅलरी ऑफ व्हिक्टोरियात केंट नावाच्या संग्राहकाने दिलेली चिनी भांडी होती, ती त्यांनी बघितली. १९४० मध्ये इंग्लंडचे कुंभार बर्नार्ड लीच यांचं पुस्तक आलं, त्यातून भट्टी आणि ग्लेझची, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या चकचकीत थराची, माहिती मिळाली. बाकी सगळं स्वतः. ग्लेन आयरिस या उपनगरात त्यांनी स्वतःच चाक बनवलं, भट्टी बांधली आणि मग भाजून बघायचं, बिघडलं की कारण शोधायचं, परत भाजायचं. इंजिनियरचाच स्वभाव तो.

१९५० मध्ये मेलबर्नच्या जॉर्जेस गॅलरीत त्यांचं प्रदर्शन झालं. एकट्या कुंभाराचं फक्त स्टोनवेअरचं असं ऑस्ट्रेलियातलं ते पहिलं मानतात. तेव्हा वय होतं सत्तावन्नच्या आसपास!

आता जमवणाऱ्यांनी बघायचं काय? मी सांगेन आधी ग्लेझ बघा. त्यांचे दोन रंग मला फार आवडतात, एक सेलाडॉन म्हणजे राखाडी झाक असलेला शांत हिरवा आणि दुसरा टेनमोकू, काळा-तपकिरी, काठावर पातळ होऊन गंजासारखा लालसर दिसतो तो. दोन्हींचं मूळ एकच, लोखंड. ग्लेझमध्ये एक-दोन टक्के लोह असेल आणि भट्टीत हवा कमी देऊन धुरकट जाळ ठेवला तर हिरवा येतो, आणि तेच लोह आठ-दहा टक्क्यांवर नेलं की काळा. एवढ्याशा फरकावर सगळा खेळ आहे आणि त्या काळात कॉम्प्युटरवर चालणारी भट्टी नव्हती, डोळ्यांनी जाळ ओळखायचा. म्हणून नीट उतरलेला सेलाडॉनचा एखादा बाऊल हातात आला की मला तो ठेवून पुढे जाववत नाही, हे मी अगदी मनापासून सांगतेय.

मग भांडं पालथं करा. तळाची कडा, जिथे ग्लेझ नसतं, तिथे उघडी माती दिसते आणि ती कशी कातून काढलीय, त्यावरून कारागिराचा हात कळतो. ओल्या मातीत दाबलेला शिक्का बघा, ग्लेन आयरिस लिहिलेलं दिसलं की जरा थांबा. पण नुसत्या शिक्क्यावर जाऊ नका, आणि शिक्का नसलेलं प्रत्येक तपकिरी भांडं ह्यूअन यांचं असंही समजू नका, कारण सत्तरच्या दशकात हौशी लोकांनी याच धर्तीची तपकिरी भांडी ढिगाने केलीत, दुकानं भरलीत त्यांनी. बोटाने हलकेच टिचकी मारा, खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द आवाज आला तर कुठेतरी केसासारखी बारीक चीर असणार. दुरुस्ती लपवलीय अशी शंका आली तर अंधारात यूव्ही टॉर्च मारा, नवीन भरलेली जागा बरेचदा वेगळी चमकते. ग्लेझवरच्या बारीक भेगांच्या जाळीला मात्र घाबरू नका, ती मुद्दाम आणलेलीही असू शकते.

मोठ्या थाळ्यांमागे सगळे धावतात, ब्रशने काढलेली लोहाची नक्षी असते त्यावर, देखण्या आहेतच. पण माझं मत विचाराल तर सुरुवात छोट्या झाकणाच्या डब्या, जग, बाऊल यांच्यापासून करा. रोजच्या वापराच्या वस्तूत हा माणूस जास्त कळतो, म्हणजे झाकण कसं बसतं, जग उचलल्यावर वजन कुठे येतं, ओतल्यावर धार तुटते की ओघळ खाली येतो. हे काचेच्या कपाटाबाहेरून कळणारच नाही.

किमतींचं म्हणाल तर बाजार चित्रकारांच्या नावामागे जातो. जवळच मरंबीनाला १९४४ मध्ये आर्थर बॉइड आणि जॉन पर्सिव्हल वगैरेंनी पॉटरी सुरू केली, त्यांच्या भांड्यांना लिलावात मागणी खूप, कारण चित्रकार म्हणून ते मोठे झाले. त्यांचं काम छानच आहे, पण माती आणि जाळ यांच्याशी आयुष्यभर झटलेल्या कुंभाराला त्याहून कमी भाव मिळावा हे मला पटत नाही. नॅशनल गॅलरी ऑफ व्हिक्टोरियाने १९६९ मध्येच ह्यूअन यांच्या एकूण कामाचं मोठं प्रदर्शन भरवलं होतं, म्हणजे जाणकारांना तेव्हाच कळलं होतं. ह्यूअन १९८७ मध्ये गेले, नव्वदी पार करून.

आणि एक कराच. भांडं घेतलंत की विकणाऱ्याला विचारा, कुठून आलं, कोणाच्या घरी होतं, लग्नात मिळालेलं का, दुकानातून घेतलेलं का. चिठ्ठीवर तारखेसकट लिहा आणि भांड्यातच ठेवा. जुनी बिलं, प्रदर्शनाची लेबलं तळाला चिकटलेली असली तर घासून काढू नका, प्लीज. ज्या आजी-आजोबांनी ही भांडी नवी असताना घेतली ते आता थकलेत, त्यांना आत्ताच विचारायला हवं.