छप्पन्न वर्षांनी तोच ड्रेस

श्रोतेहो, नमस्कार.

ऑस्करचा सोहळा लॉस एंजेलिसला रविवारी संध्याकाळी असतो, म्हणजे आपल्याकडे सोमवारची पहाट. मी दरवर्षी उठून तो थेट बघते. आणि आधीच सांगते, चित्रपटांइतकेच मला त्यातले कपडे बघायचे असतात. यावर काही जण नाक मुरडतात. मुरडू देत. कपडा म्हणजे कुणाच्या तरी हाताचं काम, ते निरखून बघण्यात कमीपणा कसला?

लाल गालिच्यावरून मिरवणाऱ्या नट्यांचे बरेचसे गाऊन त्यांचे स्वतःचे नसतात. मोठमोठी फॅशनघरं ते त्या रात्रीपुरते देतात आणि सकाळी परत नेतात. दागिन्यांचंही तेच, त्यांच्याबरोबर तर पुष्कळदा पहारेकरीही असतो. बाईंनी घालायचं, फोटो काढून घ्यायचे, परत करायचं. दिसतं छान, पण माझं मन त्यात गुंतत नाही. ज्या पोशाखात माझं मन कायमचं गुंतलं, त्याचीच गोष्ट आज सांगायची आहे.

ही गोष्ट रीटा मोरेनोची. पोर्तो रिकोत जन्मलेली मुलगी, लहानपणी आईबरोबर न्यूयॉर्कला आली. आई शिवणकाम करून घर चालवायची, हे लक्षात ठेवा. मुलगी पुढे सिनेमात गेली आणि न्यूयॉर्कमधल्या तरुणांच्या टोळ्यांची गोष्ट सांगणाऱ्या ‘वेस्ट साइड स्टोरी’मधल्या अनिताच्या भूमिकेसाठी तिला ऑस्करचं नामांकन मिळालं. साल १९६२. तिचं शूटिंग तेव्हा फिलिपाइन्समध्ये चालू होतं. सोहळ्यासाठी ती तिथूनच विमानाने अमेरिकेत आली, आणि पोशाखही तिथलाच होता, मनिलाच्या पितॉय मोरेनो यांनी केलेला. दोघांचं आडनाव सारखं, एवढंच. वरचा भाग साधा, काळा. खाली भरपूर घेराचा काळा-सोनेरी स्कर्ट, आणि त्याचं कापड जपानी ओबीचं. किमोनोवर कमरेला जो रुंद पट्टा आवळून बांधतात, तो ओबी. विणीला इतका जाड आणि भरीव की घेर धरायला आतून फारसा आधार लागू नये.

समोर स्पर्धेत ज्युडी गार्लंडसारखी नावाजलेली गायिका-अभिनेत्री होती. आपलं नाव पुकारलं जाईल असं रीटाला वाटतच नव्हतं. नाव पुकारलं गेलं. ती मंचावर गेली, विश्वासच बसत नाही, अरे देवा, इतकंच कसंबसं बोलली आणि उतरली. भाषण संपलं!

बरं, आता कामाचा पाऊस पडायला हवा होता. तो पडला नाही. ऑस्कर मिळूनही तिच्याकडे येत राहिल्या त्या तशाच साचेबंद भूमिका, टोळीतल्या पोरींच्या. तिने त्या नाकारल्या आणि पुढची काही वर्षं सिनेमापासून लांब राहिली. नाटक, टेलिव्हिजन, जिथे मान मिळेल तिथे काम केलं. तो ड्रेस कपाटात होता.

आता थेट २०१८ सालात येऊ. मार्च महिना, नव्वदावा ऑस्कर. सर्वोत्कृष्ट परभाषिक चित्रपटाचं पारितोषिक जाहीर करायला रीटा मोरेनो येणार होती. वय शहाऐंशी. गालिच्यावर ती आली, आणि अंगावर तोच ड्रेस. १९६२चाच. छप्पन्न वर्षांनी तोच! गळ्याकडचा भाग कापून वरून खांदे उघडे केलेले, हातात लांब काळे मोजे, गळ्यात ठसठशीत हार, डोक्याला काळा पट्टा. स्कर्ट मात्र जसाच्या तसा, घेरदार, सोनेरी.

आमच्या शेजारच्या काकू चहा घेऊन माझ्याबरोबर बघत होत्या. त्या टीव्हीच्या अगदी जवळ गेल्या आणि म्हणाल्या, “अगं, सोनेरी काम काळं नाही पडलं गं! आणि घडीवर चिरलंही नाही.” बाकी कुणाला ती नटी दिसली असेल, काकूंना तिची निगा दिसली. आपण शालू कसा ठेवतो, ते मी तुम्हाला सांगायला नको. मलमलमध्ये गुंडाळायचा, डांबरगोळी जरीला लागू द्यायची नाही, अधूनमधून घडी मोडून नवी घालायची. एखाद्या वर्षी कंटाळा केला की जरीची तार घडीवर तुटलीच. शिवणकाम करणाऱ्या आईच्या लेकीला हे वेगळं शिकवावं लागलं नसणार.

यावरून आठवलं. पूर्वी शिंपी शिवणीत दोन बोटं माया ठेवायचे, म्हणजे अंग भरलं तरी उसवून सैल करता यायचं. आजच्या तयार कपड्यांत मायाच नसते. कपडा दोन वर्षांत टाकून द्यावा लागतो, आणि आपण त्याला स्वस्त म्हणतो! कपडे विकत घेताना आतली शिवण उलटी करून बघाच. असो, कुठे निघाले मी.

त्याच २०१८च्या रात्री आणखी एक गंमत झाली. सूत्रसंचालक जिमी किमेल यांनी जाहीर केलं होतं, जो सर्वांत छोटं भाषण करील त्याला पाण्यावर चालवायची जेट स्की बक्षीस. रीटाचं १९६२चं भाषण आठवा. जेट स्की जिंकली ती मार्क ब्रिजेस यांनी, आणि त्यांना ऑस्कर मिळालं होतं वेशभूषेसाठी. मला केवढा आनंद झाला, काय सांगू!

कारण वेशभूषेचं पारितोषिक आलं की घराघरांत लोक उठतात. कोणी आंघोळीला, कोणी डबा भरायला. १९८३ साली हेच पारितोषिक आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया यांना मिळालं, जॉन मोलो यांच्याबरोबर, ‘गांधी’ चित्रपटासाठी. भारतीयाला मिळालेलं ते पहिलं ऑस्कर. पहिलं ऑस्कर, आणि तेही कपड्यांसाठी! शाळेच्या सामान्यज्ञानाच्या वहीत हे नाव पहिल्या पानावर हवं.

तेव्हा पुढच्या ऑस्करला वेशभूषेचा पुकारा झाला की कुकर एक शिट्टी थांबू द्या. गॅस बारीक करा, बाहेर या आणि ते दोन मिनिटांचं पारितोषिक पुरतं बघा. नमस्कार.