दंड भरून मोकळं होण्याआधी

नमस्कार मंडळी. न्यू जर्सीतल्या म्युनिसिपल कोर्टाशी आपल्यातल्या बहुतेकांची ओळख होते ती गाडी जोरात चालवल्याच्या तिकिटामुळे. ऑनलाइन दंड भरला की विषय संपतो. पण याच कोर्टात फौजदारी प्रकरणंही चालतात, आणि 'भरून टाकू, कटकट नको' ही सवय तिथे फार महागात पडते. मी इथे वकिली करते, म्हणून आज हे जरा पोटतिडकीने सांगणार आहे.

या राज्यात 564 नगरपालिका आहेत. काहींचं स्वतःचं कोर्ट असतं, काहींचं शेजारच्या गावांबरोबर सामाईक. ज्युरी नसते, न्यायाधीशच साक्षी ऐकतात आणि निकालही तेच देतात. घरफोडीसारखे मोठे गुन्हे काउंटीच्या सुपीरिअर कोर्टात जातात. इथे येतात ती 'डिसऑर्डरली पर्सन्स' म्हणून ओळखली जाणारी प्रकरणं: साधी मारहाण, किरकोळ दुकानचोरी वगैरे. किरकोळ म्हटलं तरी कमाल शिक्षा 6 महिने तुरुंग आणि 1,000 डॉलर दंड अशी आहे.

आता दुकानचोरीचंच घ्या. सेल्फ चेकआऊटला गर्दी आहे, चार वस्तू स्कॅन झाल्या, दोन तशाच पिशवीत गेल्या. दारापाशी सिक्युरिटीवाला थांबवतो, पोलीस येतात. माल 200 डॉलरच्या आतला असेल तर प्रकरण म्युनिसिपल कोर्टात जातं. हातात एक कागद पडतो. त्यावर कलम लिहिलेलं असतं, 2सी:20-11, आणि कोर्टाची तारीख. हे समन्स आहे, तिकीट नाही. त्या तारखेला हजर राहिलं नाही तर वॉरंट निघू शकतं. मुलांकडे आलेले आईवडील 'आता काय, परत तर चाललोय' म्हणून विमानात बसतात, आणि इथे प्रकरण तसंच उघडं राहतं. पुढच्या वेळी व्हिसाच्या अर्जात अटकेविषयीचा प्रश्न समोर येतो, तेव्हा धावपळ सुरू होते.

पहिल्या तारखेला न्यायाधीश सगळ्यांना त्यांचे हक्क समजावून सांगतात. वकील लावता येतो. ऐपत नसेल आणि शिक्षेचे परिणाम गंभीर असतील तर पब्लिक डिफेंडर, म्हणजे बचावासाठी कोर्टाने नेमलेला वकील, मिळतो. त्याच्या अर्जाची फी जास्तीत जास्त 200 डॉलर, आणि तीही न्यायाधीश माफ करू शकतात. दुभाषी हवा असेल तर कोर्ट देतं, विनामूल्य. मग नाव पुकारतात आणि विचारतात, गिल्टी की नॉट गिल्टी? आपल्या माणसांना इथे फार अवघडल्यासारखं होतं. वस्तू पिशवीत होती हे तर खरं, मग नाही कसं म्हणायचं? पण 'नॉट गिल्टी' म्हणणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. आरोप तुम्ही सिद्ध करा, एवढाच त्याचा अर्थ. आणि सिद्ध करायचं असतं ते मुद्दाम केलं हे. नजरचुकीने राहिलेली वस्तू ही चोरी होत नाही. पोलिसांचा रिपोर्ट, दुकानातल्या कॅमेऱ्याचं चित्रण हे सगळं मागून घ्यायचा तुम्हाला हक्क आहे.

खरा धोका असतो तो प्रॉसिक्युटरशी, म्हणजे सरकारी वकिलाशी, होणाऱ्या बोलण्यात. ज्यांच्याकडे वकील नाही त्यांनाही तो तोडगा सुचवतो, आणि तोडगा ऐकायला छान असतो. 'कंडिशनल डिसमिसल' नावाची सोय 2014 पासून आहे. पहिलाच गुन्हा असेल तर एक वर्ष नीट वागायचं, प्रकरण रद्द होतं. नागरिकासाठी ही खरोखर चांगली वाट आहे. पण त्यासाठी आधी गुन्हा कबूल करावा लागतो किंवा दोषी ठरावं लागतं. आणि फेडरल, म्हणजे केंद्राचा, इमिग्रेशन कायदा बघतो ते नेमकं हेच: कबुली दिली का, आणि त्यावर काही शिक्षा किंवा बंधन आलं का? दोन्ही असेल तर राज्याने प्रकरण रद्द केल्यानंतरही ती दोषसिद्धी धरली जाऊ शकते. एच-वन या नोकरीच्या व्हिसावर असलेला, ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षं थांबलेला माणूस मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास टाकून घरी जातो, आणि गाठ मात्र पुढच्या अर्जात बसते.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये पडिला खटल्यात सांगितलं की, कबुलीचे इमिग्रेशनवर होणारे परिणाम आरोपीला समजावून सांगणं हे बचावाच्या वकिलाचं कर्तव्य आहे. हे कर्तव्य तुमच्या वकिलाचं. समोरचा सरकारी वकील कितीही सज्जन असला तरी तो तुमचा वकील नव्हे. म्हणून नागरिकत्व नसेल तर पहिल्या तारखेला एवढंच म्हणा: मला वकिलाशी बोलायचं आहे, मुदत द्या. पहिल्या तारखेला अशी मुदत सहसा मिळते. आणि त्या मुदतीत फौजदारी व इमिग्रेशन दोन्ही जाणणाऱ्याकडे जा. नात्यातल्या, व्हॉट्सॲपवरच्या 'माझ्या मित्राचं असंच झालं होतं' या सल्ल्यावर थांबू नका.

तोडगा न घेता प्रकरण सुनावणीला उभं राहिलं तर दुकानाच्या माणसाला साक्षीला यावं लागतं, त्याची उलटतपासणी होते. निकाल विरोधात गेला तर सुपीरिअर कोर्टात अपील करता येतं. तिथे सहसा नव्याने साक्षी होत नाहीत, मूळ सुनावणीच्या नोंदीवरूनच न्यायाधीश स्वतंत्रपणे विचार करतात. अपिलासाठी मुदत फक्त 20 दिवसांची असते, त्यामुळे निकालाच्या दिवशीच कोर्टाच्या क्लार्ककडे अपिलाचे कागद मागा.