रुंबा उजव्या हातात असतो

नमस्कार मंडळी. संयोजकांनी सांगितलं, फ्लामेंको, म्हणजे स्पेनचा तो गाणं-नाच-गिटारचा प्रकार, जरा सोपा करून सांगा. ते काही माझ्याने व्हायचं नाही. सोलेआ, बुलेरिआ हे प्रकार बारा मात्रांच्या चक्रात फिरतात आणि त्यातली वजनं अंगात मुरायलाच वर्षं जातात. म्हणून आज फक्त रुंब्याबद्दल बोलतो. चार मात्रांचा सरळ हिशेब, क्यूबाकडून स्पेनमध्ये आलेला. कट्टर लोक त्याच्याकडे कसे बघतात म्हणाल, तर जुने ख्यालवाले ठुमरीकडे बघायचे तसे.

आता बघा, गिटारवादक पाको दे लुसिया हे नाव स्पेनमध्ये घराघरांत पोचलं ते कशामुळे? १९७३ च्या 'एन्त्रे दोस आग्वास' या त्याच्या रचनेमुळे, आणि तो रुंबाच! त्यामुळे नाकं मुरडणाऱ्यांचं मी फारसं मनावर घेत नाही.

बार्सिलोनात ग्रासिया नावाचा जुना भाग आहे. तिथल्या आणि आसपासच्या जिप्सी वस्त्यांमध्ये काटालान रुंबा वाढला. मातारो गावच्या पेरेट या गायकाने तो साऱ्या देशात नेला; १९९२ च्या ऑलिंपिकच्या समारोपातही तो गायला. ऑगस्टमध्ये ग्रासियाची जत्रा भरते, गल्ल्या सजतात, चौकाचौकांत गाणं चालू असतं. तिथेच मला माझे आवडते रुंबा गिटारवादक भेटले. त्यांना विचारलेलं नाही, म्हणून नाव सांगत नाही.

कार्यक्रम संपल्यावर त्यांच्याभोवती फोटोवाल्यांची ही गर्दी! 'तुम्ही फार छान वाजवता' हे वाक्य त्यांनी त्या रात्री किती वेळा ऐकलं असेल! ते मी गाळलं. मोडक्या स्पॅनिशमध्ये म्हटलं, व्हेंटिलादोर सावकाश दाखवाल का? ही रुंब्याची खास उजव्या हाताची पद्धत. माणूस एकदम खुलला. बंद केलेली पेटी पुन्हा उघडली.

गिटारवर तारांखालची पारदर्शक पट्टी ओरखड्यांनी पार पांढरी पडली होती. उजव्या हाताच्या नखांवर कसल्याशा चिकट द्रवाचा जाड थर. डावा पंजा त्यांनी तारांवर आडवा टेकवला. सूर बंद, उरला फक्त ठेका. मग उजवा हात: बोटं खाली, तळव्याची थाप, अंगठा वर, परत बोटं. एकाच हातातून ढोलकही आणि गिटारही. मी करायला गेलो तर माझं मनगट धरून हलवलं आणि कोपराकडे बोट दाखवलं. हात तिथून फिरायला हवा, बोटं नुसती सैल. बाजूला त्यांचा पुतण्या टाळ्या देत होता. मी चुकलो की तो थांबायचा, बोलायचा काही नाही. यूट्यूबवर हे शंभरदा पाहिलं होतं, पण मनगट धरणारं तिथे कोण असतं?

अशा भेटीत थोर माणूस कधी याहून मोठं काही देऊन जातो. कोवळ्या वयातला पाको होसे ग्रेकोच्या नृत्यसंचाबरोबर अमेरिकेत गेला, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये त्याची साबिकास या थोर फ्लामेंको गिटारवादकाशी गाठ पडली. पोरगा निन्यो रिकार्दो या जुन्या गिटारवादकाच्या चाली हुबेहूब वाजवायचा. साबिकासने त्याला सांगितलं की स्वतःचं काहीतरी कर. पुढे पाकोने काय केलं ते आपण ऐकतोच आहोत. मला असं कुणी काही सांगितलं नाही, आणि ते योग्यच होतं. माझा ठेकाच अजून सरळ नव्हता.

बरं, आता वाजवून दाखवतो. पुढच्या रांगेतल्यांनी टाळी धरा, आणि घाई करू नका.